स्वतःविरुद्धची साक्ष

वाचकहो, मार्च २०१६ मध्ये रोमानिया या पूर्व युरोपीय देशाने एका आंतरराष्ट्रीय संघटनेचे वार्षिक अध्यक्षपद हंगेरीकडून स्वीकारले. आपल्याकडील वृत्तपत्रांत या घटनेला दोन ओळींचीही जागा मिळाली नसेल. परंतु न्याय, साक्ष आणि सामूहिक स्मृती यांविषयी इस्लामची जी शिकवण आहे, तिच्या प्रकाशात ही घटना पाहिली तर तीत विचार करण्याजोगे पुष्कळ काही आहे.

या संघटनेचे नाव आंतरराष्ट्रीय होलोकॉस्ट स्मरण आघाडी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझी जर्मनीने व तिच्या साथीदारांनी सुमारे ६० लाख यहुदी स्त्रीपुरुष व मुले ठार केली. त्या संहाराचे शिक्षण, संशोधन आणि स्मरण व्हावे यासाठी स्वीडनचे तत्कालीन पंतप्रधान योरान पेर्शॉन यांच्या पुढाकाराने १९९८ साली हे कार्य सुरू झाले. जानेवारी २००० मधील स्टॉकहोम जाहीरनामा हा तिचा पाया. सदस्य राष्ट्रे आळीपाळीने वर्षभर तिचे नेतृत्व करतात. म्हणजे पाळी आली की अध्यक्षपद मिळते. त्यात विशेष ते काय, असे कोणी म्हणेल. विशेष हे की ज्यांच्या स्मरणाचे नेतृत्व रोमानियाला करायचे होते, त्यांतील लक्षावधी जीव रोमानियाच्याच सैनिकांनी, पोलिसांनी आणि अधिकाऱ्यांनी घेतले होते. खुनात सहभागी असलेल्याच्या वारसाने मृताच्या शोकसभेचे अध्यक्षपद भूषवावे काय? आणि भूषवायचेच असेल तर कोणत्या अटीवर?

प्रथम घडले काय ते पाहू. २९ जून १९४१ रोजी याश या शहरात यहुदी पुरुषांना घराघरांतून ओढून पोलीस ठाण्याच्या आवारात आणण्यात आले व त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. जे उरले त्यांना मालगाडीच्या डब्यांत कोंबून, दारे-झरोके बंद करून, दोन गाड्या रवाना करण्यात आल्या. जून-जुलैचा कडक उन्हाळा, आत पाणी नाही, हवा नाही. जवळच्याच एका गावी पोहोचायला एका गाडीला कित्येक तास लावले गेले, तर दुसरी दिवसेंदिवस रुळांवर फिरत राहिली. मुक्कामी दारे उघडली तेव्हा आतून प्रेते कोसळली. या एका हत्याकांडात १३ हजारांहून अधिक माणसे मेली, असे त्या काळच्या सरकारी नोंदीच सांगतात. पुढे बेसाराबिया व बुकोविना या प्रांतांतील यहुद्यांना नीस्टर नदीपलीकडील ट्रान्सनिस्ट्रियात हाकलण्यात आले. तेथे उपासमार, टायफस आणि सामूहिक गोळीबार यांनी ते संपले. ऑक्टोबर १९४१ मध्ये ओदेसा शहरात हजारोंना गोळ्या घालून, गोदामांत कोंडून जाळण्यात आले. सुमारे २५ हजार रोमा, म्हणजे भटके जिप्सी, त्याच ट्रान्सनिस्ट्रियात पाठवले गेले व त्यांतील सुमारे ११ हजार परतले नाहीत. या सर्व आज्ञा बर्लिनहून आलेल्या नव्हत्या. रोमानियाचा हुकूमशहा मार्शल इयोन आंतोनेस्कु याच्या शासनाच्या त्या आज्ञा होत्या.

युद्धानंतर १९४६ मध्ये आंतोनेस्कुला मृत्युदंड झाला आणि मग दीर्घ मौन पसरले. साम्यवादी राजवटीत सर्व दोष जर्मनांच्या व हंगेरियनांच्या माथी मारण्यात आला. राजवट कोसळल्यावर मौन सुटले, पण उलट्या दिशेने. आंतोनेस्कुच्या नावाने रस्ते झाले, पुतळे उभे राहिले. १९९१ साली संसदेने उभे राहून त्याला आदरांजली वाहिली. जून २००३ मध्ये तर सरकारने निवेदनच काढले की रोमानियाच्या सीमांच्या आत होलोकॉस्ट घडलेच नाही. जगभर संताप उसळला. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष इयोन इलिएस्कु यांनी एक आंतरराष्ट्रीय आयोग नेमला आणि त्याचे अध्यक्षपद एली वीझल यांना दिले. वीझल हे सिगेत या रोमानियन गावात जन्मलेले, किशोरवयात आउशवित्झला नेले गेलेले व तेथून जिवंत परतलेले लेखक. नोव्हेंबर २००४ मध्ये आयोगाने अहवाल दिला. रोमानियाच्या ताब्यातील प्रदेशांत २ लाख ८० हजार ते ३ लाख ८० हजार यहुदी मारले गेले व त्याची जबाबदारी रोमानियाच्या राज्यसंस्थेवर आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. राज्याने तो स्वीकारला. ९ ऑक्टोबर हा स्मरणदिन ठरला, संशोधनासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, २००९ मध्ये बुखारेस्टमध्ये स्मारक उभे राहिले. ज्या संघटनेचे अध्यक्षपद पुढे मिळाले, तिचे सदस्यत्वही रोमानियाला २००४ मध्येच मिळाले होते.

आता पवित्र कुरआनकडे वळू. सूरह अन-निसाच्या १३५व्या आयतीत ईमानधारकांना आज्ञा आहे की त्यांनी न्यायावर खंबीरपणे उभे राहावे आणि अल्लाहसाठी साक्ष द्यावी, मग ती साक्ष स्वतःविरुद्ध, आईवडिलांविरुद्ध वा आप्तांविरुद्ध जात असली तरीही. या क्रमाकडे लक्ष द्या. सर्वांत आधी स्वतः, मग जन्मदाते, मग नातलग. शत्रूविरुद्ध साक्ष द्यायला कोणाला शिकवावे लागत नाही. माणूस अडखळतो तो आपल्या माणसांपाशी, आणि कुरआनने बोट नेमके तेथेच ठेवले आहे.

याच सूरहमध्ये १०५व्या आयतीपासून पुढे एक प्रसंग सूचित झाला आहे. तफसीरकारांनी दिलेल्या प्रसिद्ध रिवायतीनुसार, मदीनेतील अन्सारांच्या एका घराण्यातील माणसाने चिलखत चोरले आणि शोध सुरू होताच ते एका यहुद्याच्या घरी ठेवून आळ त्याच्यावर घेतला. चोराचे भाऊबंद एकत्र आले आणि आपल्या माणसाची बाजू घेऊन प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यापुढे उभे राहिले. परिस्थिती अशी की यहुदी कबिल्यांशी संबंध ताणलेले, मुस्लिम समाज नवा, आणि आरोपी आपला. राजकारणाची सोय कोणत्या बाजूला होती हे सांगण्याची गरज नाही. परंतु वह्य अवतरली ती त्या यहुद्याला निर्दोष ठरवणारी. विश्वासघातक्यांचे वकील होऊ नका, असे बजावणारी. ११२व्या आयतीचा आशय असा की जो स्वतः अपराध करून तो निरपराध माणसावर ढकलतो, तो दुहेरी ओझे उचलतो, एक पापाचे आणि दुसरे मिथ्या आरोपाचे. हा प्रसंग कियामतपर्यंत पठण होणाऱ्या ग्रंथात जतन झाला आहे. आपल्याच समाजाची लाजिरवाणी गोष्ट झाकून न ठेवता नमाजेत वाचली जावी, ही व्यवस्था अल्लाहने केली. स्मारक याहून वेगळे ते काय असते?

ज्या हंगेरीकडून रोमानियाने सूत्रे घेतली तिची गोष्ट येथे तुलनेसाठी सांगावीशी वाटते. मे ते जुलै १९४४ या जेमतेम आठ आठवड्यांत हंगेरीतून सुमारे ४ लाख ३७ हजार यहुदी आगगाड्यांनी पाठवण्यात आले, बहुतेक आउशवित्झला. जर्मन अधिकारी मूठभर होते; घरे हुडकणे, यादी करणे, डब्यांत भरणे हे काम हंगेरियन जेंडार्मांनी, म्हणजे ग्रामीण सशस्त्र पोलिसांनी केले. तरीही २०१४ मध्ये बुडापेस्टच्या एका चौकात जे स्मारक उभारले गेले, त्यात जर्मनीचा गरुड झडप घालतो आहे आणि त्याखाली निष्पाप हंगेरीचे प्रतीक म्हणून उभा आहे तो फरिश्ता गॅब्रिएल, म्हणजे आपण ज्यांना हजरत जिब्रील (अ.) म्हणतो ते! वह्य घेऊन येणाऱ्या विश्वासू फरिश्त्यावर असे सोयीचे असत्य लादले जावे, हे पाहून मन विषण्ण होते. न्यायासाठी हेही सांगितले पाहिजे की हंगेरीच्या काही नेत्यांनी राज्ययंत्रणेचा दोष उघडपणे मान्य केला आहे, आणि मृतांच्या वारसांनी त्या स्मारकासमोरच फोटो, चपला, चिठ्ठ्या, दगड मांडून स्वतःचे प्रतिस्मारक उभे केले आहे.

येथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो कुरआनच्याच आधाराने घेतला जातो. कोणीही ओझे वाहणारा दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, हे तत्त्व सूरह अल-अनआमसह अनेक ठिकाणी आले आहे. मग १९९० साली जन्मलेल्या रोमानियन तरुणाने १९४१ च्या पापासाठी मान का खाली घालावी? आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तर टाळता कामा नये. आजोबांच्या खुनाचे पाप नातवाच्या खाती जमा होत नाही. युरोपात शतकानुशतके यहुद्यांचा जो छळ झाला, त्याचे एक समर्थन हेच होते की त्यांच्या पूर्वजांचे कथित पाप त्यांच्या लेकरांनी भोगावे. ते इस्लामला मान्य नाही, आणि म्हणून रोमानियाच्या लेकरांनाही तो न्याय लावता येत नाही.

परंतु पाप आणि साक्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सूरह अल-बकराच्या २८३व्या आयतीत साक्ष दडवणाऱ्याचे हृदय पापी म्हटले आहे. खून आजोबांचा होता, पण कागद दडवणे, पाठ्यपुस्तकातील पान गाळणे, मारेकऱ्याचा पुतळा उभारणे हे नातवाचे स्वतःचे कृत्य असते. त्याचा हिशेब नातवालाच द्यावा लागेल. दुसरे उदाहरण आपल्या वारसा कायद्याचे घ्या. वारसांना मृताचे पाप मिळत नाही. मात्र मृताचे कर्ज फेडल्याखेरीज त्यांना मालमत्तेत वाटाही घेता येत नाही. रोमानियाने १९४० नंतर यहुद्यांची घरे, दुकाने, जमिनी कायदे करून बळकावल्या. ती घरे कोणाच्या तरी ताब्यात राहिली. ती परत करण्याचे काम युद्धानंतर दशकांमागून दशके रखडले. राष्ट्राचे वैभव वारशाने घेणारा त्याचे देणे मात्र नाकारत असेल, तर फिक्हची अगदी प्राथमिक ओळख असलेला माणूसही त्याला विचारील की बाबा रे, तू वारस आहेस की नाहीस, ते एकदा ठरव.

आंतोनेस्कुचे समर्थक आणखी एक युक्तिवाद करतात. १९४२ च्या उत्तरार्धात त्याने जुन्या रोमानियातील यहुद्यांना पोलंडमधील मृत्युछावणीत पाठवण्याचा जर्मनांशी ठरलेला बेत थांबवला आणि त्यामुळे लाखो जीव वाचले. घटना खरी आहे. युद्धाचे पारडे फिरू लागले होते, हे तिच्यामागचे एक कारण होते. पण कारण काहीही असो, वाचलेल्यांचा आकडा मारलेल्यांच्या आकड्यातून वजा करण्याचे गणित आपल्याला ठाऊक नाही. मुफलिस, म्हणजे खरा दिवाळखोर कोण, याविषयीची हदीस आठवा. नमाज, रोजे, जकात यांचा ढीग घेऊन येणारा माणूस. पण त्याने कोणाला शिवी दिलेली, कोणाचे धन खाल्लेले, कोणाचे रक्त सांडलेले. त्याची पुण्ये एकेक करून त्या पीडितांना वाटली जातात आणि पुण्ये संपली की त्यांची पापे त्याच्यावर टाकली जातात. हक्कदार ज्याचा तो असतो. बुखारेस्टमध्ये वाचलेला यहुदी ट्रान्सनिस्ट्रियात मेलेल्याच्या वतीने क्षमा करू शकत नाही.

आता नियतीचा, म्हणजे हेतूचा प्रश्न. रोमानियाची ही साक्ष निखळ होती काय? २००२ मध्ये फॅसिस्ट प्रतीकांवर व आंतोनेस्कुच्या पुतळ्यांवर बंदी घालणारा अध्यादेश निघाला तेव्हा देश नाटोच्या दारात उभा होता. २००४ मध्ये तो नाटोत गेला, २००७ मध्ये युरोपीय संघात. संशय घेण्यास जागा आहे. इतकेच काय, अहवाल स्वीकारल्यानंतर काही आठवड्यांतच इलिएस्कु यांनी यहुदीद्वेषासाठी कुप्रसिद्ध असलेल्या एका राजकारण्याला देशाचा मोठा सन्मान बहाल केला. वीझल यांनी स्वतःला मिळालेला रोमानियाचा सन्मान परत केला आणि ते योग्यच झाले. कृत्ये हेतूंवर तोलली जातात, ही हदीस लहान मुलालाही पाठ असते. मग दबावाखाली दिलेल्या साक्षीचे मोल काय?

माझे मत असे आहे की येथे दोन खाती वेगळी ठेवली पाहिजेत. कर्जदाराने न्यायालयाच्या भीतीने कर्ज फेडले, तर त्याला पुण्य मिळेल की नाही हे अल्लाह जाणतो. पण सावकाराचे पैसे त्याच्या हाती पडले हे निश्चित. हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे माणसांवरील हक्क, देणाऱ्याच्या मनाची शुद्धता होईपर्यंत थांबवून ठेवता येत नाहीत. याशच्या मृताला तो मेला कसा हे सरकारी कागदावर लिहून मिळणे हा त्याचा हक्क होता. तो साठ वर्षांनी मिळाला, आणि बहुधा लाजेकाजेस्तव मिळाला. तरी मिळाला. रियेचा दोष असेल तर तो देणाऱ्याच्या माथी.

म्हणून मला वाटते की अपराधी इतिहास असलेल्या देशाने अशा संघटनेचे नेतृत्व करण्यात मुळात विसंगती नाही. निष्कलंक देशाने केलेले स्मरण सोपे असते. त्यात त्याला काही मोजावे लागत नाही. अट एवढीच की अध्यक्षाच्या आसनावरून बोलताना पहिले वाक्य स्वतःविषयीचे असावे. योगायोग असा की २०१६ हे याशच्या हत्याकांडाचे पंचाहत्तरावे वर्ष होते, आणि वीझल यांचे निधनही त्याच वर्षी, २ जुलै रोजी झाले.

वाचकहो, येथवर वाचताना तुमच्या मनात एक प्रश्न दाटून आला असेल. गाझा उद्ध्वस्त होत असताना, हजारो पॅलेस्टिनी बालके ढिगाऱ्यांखाली दबली जात असताना, आम्हाला यहुद्यांच्या दुःखाची आठवण का करून देता? हा प्रश्न मी हलका मानत नाही. स्मरणाचा शस्त्रासारखा वापर होतो हेही खरे आहे. रोमानियाच्या अध्यक्षपदाच्या काळातच, २६ मे २०१६ रोजी बुखारेस्ट येथे या संघटनेने यहुदीद्वेषाची एक व्याख्या स्वीकारली. तिच्यासोबतच्या अकरा उदाहरणांपैकी सात इस्रायलशी संबंधित आहेत. ती कायद्याने बंधनकारक नाही, असे तिच्यातच म्हटले आहे. पण पुढे अनेक ठिकाणी पॅलेस्टिनच्या बाजूने बोलणाऱ्यांना गप्प करण्यासाठी तिचा आधार घेतला गेला. तिच्या मूळ मसुद्याचे प्रमुख लेखक केनेथ स्टर्न यांनीच विद्यापीठांत तिच्या अशा वापराला विरोध केला आहे. स्वतःविरुद्ध द्यायची साक्ष अशा वेळी तिसऱ्याच माणसाविरुद्ध फिरवली जाते. युरोपच्या पापाचे कर्ज पॅलेस्टिनी शेतकऱ्याच्या जमिनीतून फेडले जाऊ नये, हे म्हणण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

पण या अधिकारातून होलोकॉस्ट नाकारण्याचा अधिकार निघत नाही. सूरह अल-माइदाची ८वी आयत सांगते की एखाद्या समाजाविषयीच्या वैराने तुम्हाला अन्यायाकडे ढकलू नये. कोणते वैर, जुने की ताजे, न्याय्य की अन्याय्य, अशी सवलत तेथे नाही. निरपराध नागरिक ७ ऑक्टोबर २०२३ रोजी इस्रायलमध्ये मारलेला असो वा त्यानंतर गाझात, याच सूरहच्या ३२व्या आयतीचा मापदंड दोघांनाही लागू आहे. आणि वाचकहो, व्यवहाराची एक गोष्ट पाहा. नोव्हेंबर २०१९ मध्ये गांबिया या छोट्या मुस्लिमबहुल देशाने रोहिंग्यांसाठी म्यानमारविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली. डिसेंबर २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेने गाझासाठी त्याच न्यायालयात इस्रायलला खेचले. दोन्ही वेळा आधार एकच, १९४८ चा वंशसंहारविरोधी करार. तो कराराचा विचार पोलंडमधून परागंदा झालेल्या राफाएल लेम्किन या यहुदी कायदेपंडिताचा, ज्याचे बहुतेक सारे कुटुंब होलोकॉस्टमध्ये संपले. होलोकॉस्ट थोतांड आहे असे म्हणणारा मुसलमान ज्या फांदीवर बसला आहे तीच तोडतो.

बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एक हदीस आहे. एक जनाजा समोरून गेला आणि प्रेषित (स.) उठून उभे राहिले. हा तर यहुद्याचा जनाजा आहे, असे सांगण्यात आले. त्यावर त्यांनी एवढेच विचारले की तो एक जीव नव्हता काय? मृताचा धर्म सांगणाऱ्यांना वाटले होते की माहिती अपुरी असल्याने गैरसमज झाला असावा. पण माहिती अपुरी नव्हती.

स्वतःविरुद्धच्या साक्षीविषयी एवढे लिहिल्यावर आपली साक्षही दिली पाहिजे. जेरुसलेमचे मुफ्ती अमीन अल-हुसैनी २८ नोव्हेंबर १९४१ रोजी बर्लिनमध्ये हिटलरला भेटले आणि पुढे बोस्नियातील मुस्लिमांना एसएसच्या तुकडीत भरती करण्यास त्यांनी हातभार लावला. ब्रिटिशांविरुद्धच्या लढ्याचे निमित्त सांगून हे झाकता येणार नाही. त्याच बोस्नियात १९४१ मध्ये सारायेव्हो, मोस्तार, बान्या लुका येथील उलेमा व प्रतिष्ठितांनी जाहीर ठराव करून अत्याचारांचा निषेध केला होता, आणि तो फॅसिस्ट राजवटीच्या नाकाखाली. बर्लिनमध्येच मोहम्मद हेल्मी या इजिप्शियन डॉक्टरांनी एका यहुदी मुलीला युद्ध संपेपर्यंत लपवून ठेवले. हेल्मींची नावे आपण अभिमानाने घेतो. मुफ्तींचे नाव आले की मात्र विषय बदलतो.

रोमानियातही अशी माणसे होतीच. चेर्नाउत्सचे महापौर त्रायान पोपोविच यांनी हजारो यहुद्यांची हद्दपारी रोखली व पद गमावले. याशहून निघालेली ती गाडी रोमान नावाच्या स्थानकावर थांबली तेव्हा रेडक्रॉसच्या स्थानिक अध्यक्ष व्हियोरिका आगारीच यांनी सैनिकांच्या विरोधाला न जुमानता डबे उघडायला लावले आणि आतल्यांना पाणी पाजले. त्यापायी त्यांना आपले गाव सोडावे लागले. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला क्षमा मिळाल्याची हदीस सांगणाऱ्या आपल्या समाजाला या बाईंची ओळख करून देण्याची वेगळी गरज नसावी.

२०२१ मध्ये रोमानियाने कायदा करून यहुद्यांचा इतिहास व होलोकॉस्ट हा विषय माध्यमिक शाळांत सक्तीचा केला; २०२३-२४ पासून तो शिकवला जाऊ लागला. नोव्हेंबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या पहिल्या फेरीत सर्वाधिक मते मिळाली ती पूर्वी आंतोनेस्कुची जाहीर स्तुती केलेल्या एका उमेदवाराला. पुढे ती निवडणूक अन्य कारणांनी रद्द झाली. तो विषय शाळेत शिकलेली पहिली मुले आता कुठे मतदानाच्या वयाला पोहोचत आहेत.